चेंडू निघाला कुठून?

पहिल्या दिवशी सरांनी मला दहा चेंडू मारायला लावले आणि प्रत्येक चेंडूनंतर एकच प्रश्न विचारला, "कुठून निघाला?" मी दर वेळी तो कुठे पडला ते सांगत होते. उजवीकडे. बराच उजवीकडे. झाडांच्या पलीकडे. ते शांतपणे म्हणायचे, "ते मलाही दिसलं. निघाला कुठून?" मी सात वर्षं गोल्फ खेळत होते, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. चेंडू क्लबवरून, म्हणजे मारायच्या दांडक्यावरून, सुटल्यानंतरचा पहिला क्षण मी कधी बघितलाच नव्हता. मी डोळे उघडून बघायचे तेव्हा तो हवेत वळायला लागलेला असायचा आणि पोटात गोळा आलेला असायचा.

माझा आजार साधा आणि सर्वांना ठाऊक असलेला होता: स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत डावीकडून उजवीकडे केळ्यासारखा वळत जातो, तो स्लाइस. माझा हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा (जितका कमी तितका खेळ चांगला), २४ वर अडकला होता. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, हातात घेतला की फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, उजव्या कडेला काय आहे हेच आधी दिसायचं. सल्ले भरपूर मिळाले होते. डोकं खाली ठेवा, डावा हात सरळ ठेवा, खांदे पूर्ण फिरवा, हळू मारा. प्रत्येक सल्ला दोन-तीन दिवस चालायचा आणि मग स्लाइस परत यायचा. म्हणून शेवटी रीतसर शिकायला गेले. त्या चौदा महिन्यांत काय काय झालं, ते मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण सुरुवात करताना असं कुणी लिहिलेलं वाचायला मिळालं असतं तर मला फार आधार वाटला असता.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यापुढे चार-पाच पावलांवर, लक्ष्याच्या सरळ रेषेत, जमिनीत एक बारीक काठी रोवली. "चेंडू काठीच्या डावीकडून गेला की उजवीकडून, एवढंच सांगा. पुढे तो कुठेही जाऊ दे." शंभर चेंडू मारले असतील. जवळपास प्रत्येक चेंडू काठीच्या डावीकडून निघत होता आणि मग उजवीकडे वळत होता. मला धक्का बसला. उजवीकडे जाणारा माझा चेंडू सुरुवात डावीकडून करत होता.

मग त्यांनी जे समजावलं, त्याने माझं सात वर्षांचं गणित उलटं झालं. जुन्या शिकवणीत असं सांगत, की चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या तोंडाच्या दिशेने वळतो. रडारने चेंडू आणि क्लब दोन्ही मोजता यायला लागल्यावर कळलं, की प्रत्यक्षात घडतं ते जवळजवळ याच्या उलट. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबचं तोंड, ज्या दिशेला बघत असतो त्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत साधारण ८५ टक्के, आयर्नच्या (धातूच्या पात्याच्या आखूड क्लबच्या) बाबतीत ७५ टक्क्यांच्या आसपास वाटा फेसचा. आणि वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. माझा फेस लक्ष्याच्या थोडा डावीकडे होता, पण क्लबचा मार्ग त्याहून कितीतरी जास्त डावीकडे, बाहेरून आत कापत जाणारा. म्हणजे मार्गाच्या मानाने फेस उघडाच, उजवीकडे वळलेला. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो वेळ एका सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसलेला तो चेंडू तेवढ्या वेळात सगळं ठरवून निघून जातो.

आधी ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, बदलायची ठरली. हा भाग मी सविस्तर सांगणार आहे, कारण सगळ्यात जास्त त्रास आणि सगळ्यात जास्त शिकणं इथेच झालं.

माझा डावा हात क्लबवर फार डावीकडे वळलेला असायचा. वरून बघितलं तर बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांपैकी एकच दिसायचा. क्लब तळहातातून तिरका जायचा आणि अंगठा दांड्याच्या बरोबर वर सरळ पडायचा. अशा पकडीतून क्लबफेस वेळेवर लक्ष्याकडे सरळ आणणं फार कठीण असतं. सरांनी क्लब बोटांच्या मुळाशी आणला, तळहाताची गादी दांड्यावर टेकवली आणि हात उजवीकडे वळवला. आता दोन सांधे स्पष्ट दिसत होते, तिसऱ्याची कड दिसत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पडणारी घडी उजव्या खांद्याकडे बघत होती. एवढाच बदल, सेंटिमीटरभराचा. पण हातात कुणा परक्याचा हात घेतल्यासारखं वाटलं. या पकडीने चेंडूला क्लब लागणारच नाही, असं मनापासून वाटत होतं.

पहिले तीन आठवडे चेंडू मारायचा नाही, असं ठरलं. घरात एक क्लब कोपऱ्यात ठेवला होता. येता-जाता उचलायचा, डाव्या हाताची बोटं आधी लावायची, मग गादी, मग उजवा हात; सांधे मोजायचे, खाली ठेवायचा. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. जुन्या ग्लव्हचा तळव्याचा भाग घासून भोक पडलेलं होतं. सरांनी ते दाखवून सांगितलं, की क्लब तळहातात सरकत असल्याची ही खूण. नव्या ग्लव्हवर झीज बोटांच्या मुळाशी दिसायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी खरंच बदलतंय. तो ग्लव्ह मी अजून ठेवला आहे.

चौथ्या आठवड्यात चेंडू मारले आणि ते सगळे सरळ डावीकडे गेले. वळण नाही, काही नाही, बाणासारखे डावीकडे. मी रडकुंडीला आले. सर मात्र खूश झाले. "वळण गेलं बघा. फेस आणि मार्ग आता एकाच दिशेला आहेत. दिशा चुकीची आहे, ती आपण आता बदलू." त्यांनी ड्रायव्हरचं कापडी आवरण चेंडूच्या बाहेरच्या बाजूला, वीतभर मागे ठेवलं. क्लब बाहेरून आला तर आवरणाला लागणार. पहिले वीस-पंचवीस वेळा लागलाच. वरून खाली येताना माझा उजवा खांदा आधी पुढे धावायचा. हळूहळू उजवा कोपर बरगडीजवळून खाली यायला लागला, कमर आधी वळायला लागली आणि आवरण जागेवर राहायला लागलं. वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर नेणं, उभं राहण्याची पद्धत, चेंडूची जागा, हेही सगळं झालं; पण ते तुलनेने सोपं होतं.

या काळात माझा खेळ बिघडला. हँडिकॅप शेवटच्या वीस फेऱ्यांमधल्या सर्वोत्तम आठांवरून निघतो, त्यामुळे तो लगेच उसळत नाही. तरी सरकत सरकत २६ च्या पुढे गेला. नेहमीच्या सोबतिणी हळहळायच्या. "आधी बरं खेळत होतीस की," असं एक मैत्रीण म्हणाली, आणि ते खरंच होतं. तेव्हा मला इंग्लंडचा गोल्फपटू निक फाल्डो याच्या गोष्टीने धरून ठेवलं. युरोपातल्या आघाडीच्या खेळाडूंमध्ये गणना होत असताना, १९८५ मध्ये, त्याने डेव्हिड लेडबेटर या प्रशिक्षकाकडे जाऊन आपला स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, मुळापासून बदलायला घेतला. दोन वर्षं जवळजवळ कोरडी गेली. १९८७ मध्ये म्युअरफील्डला तो ब्रिटिश ओपन जिंकला, आणि शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा एक टप्पा) त्याने 'पार'मध्ये, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांत, पूर्ण केले. माझी आणि त्याची तुलना होऊच शकत नाही. पण मधली दोन वर्षं त्यालाही चुकली नाहीत, ही गोष्ट मी त्या दिवसांत बरेचदा स्वतःला सांगितली.

मग लय. मी क्लब वर झटक्यात न्यायचे आणि तितक्याच झटक्यात खाली आणायचे. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग आणि डाउनस्विंग यांचं प्रमाण साधारण तीनास एक असतं. वर जायला पाऊण सेकंद, तर चेंडूपर्यंत खाली यायला पाव सेकंद. मी मनात "एक, दोन, तीन" म्हणत क्लब वर न्यायला लागले आणि "चार"ला चेंडू. यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. माणसाला काही जाणवून त्यावर हालचाल करायलाच सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे क्लब खाली निघाल्यावर दुरुस्ती करायला वेळच उरत नाही. मी मात्र दर वेळी तिथेच दुरुस्ती करत होते. खाली येताना काहीतरी चुकतंय असं वाटायचं आणि हात आखडायचे.

आठव्या महिन्यात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, माझे चेंडू छान सरळ जायला लागले. काठीच्या अगदी जवळून निघायचे आणि फार तर थोडे वळायचे. मला वाटलं, झालं. त्या महिन्याच्या स्पर्धेत मी उतरले.

पंधराव्या होलपर्यंत मी माझ्या नेहमीच्या खेळापेक्षा पाच फटके कमी घेऊन पुढे होते. हे मला माहीत होतं, कारण पंधराव्या ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावरून, उतरताना मी कार्ड काढून बेरीज केली. उरलेल्या तीन होलवर किती लागले तर काय होईल, याचाही हिशोब केला. सोळाव्याच्या उजवीकडे पूर्ण लांबीचं तळं आहे. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभी राहिले. पाण्याकडे बघितलं. मग पाण्याकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावलं. मग हात आठवले, कोपर आठवला, कमर आठवली. चेंडू डावीकडून निघाला, मोठं केळं काढत वळला आणि पाण्यात गेला. दंडाचा एक फटका घेऊन पुढचा मारला, तोही पाण्यात. त्या होलवर नऊ, सतराव्यावर आठ, अठराव्यावर सात. आठ महिन्यांचं काम तीन होलमध्ये कुठे गेलं ते कळेना. त्या रात्री मी अंधारात पलंगावर बसून हातांची पकड लावून बघत होते. ती बरोबरच होती.

पुढच्या भेटीत मी सरांना म्हणाले, "सर, माझ्या स्विंगमध्ये अजून काहीतरी मुळात चुकतंय." त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही. विचारलं, "सोळाव्याला क्लब किती घट्ट धरला होता? एक म्हणजे सुटेल इतका सैल, दहा म्हणजे जीव खाऊन. नंबर सांगा." मी आठवायचा प्रयत्न केला. आठ, कदाचित नऊ. रेंजवर मी चारवर धरते. "आणि पाय कुठे बघत होते?" डावीकडे. तळ्यापासून लांब. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण केलं होतं.

मग त्यांनी मला रेंजवर मुद्दाम नऊच्या घट्टपणाने, डावीकडे तोंड करून मारायला लावलं. पहिल्याच फटक्याला सात वर्षांचा जुना स्लाइस जसाच्या तसा आला. घट्ट धरलं की मनगटं आणि बाहू आखडतात, फेस वेळेवर फिरत नाही, उघडा राहतो. उजवीकडची भीती वाटली की शरीर डावीकडे वळतं, क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो. उघडा फेस आणि डावीकडचा मार्ग म्हणजेच स्लाइस. ज्याची मला भीती वाटत होती, ते ती भीतीच घडवून आणत होती, आणि तेही मनगटांमधून, मोजता येईल अशा पद्धतीने. मी आजवर तंत्र आणि मन असे दोन वेगळे खाते ठेवले होते. तंत्र रेंजवर शिकायचं आणि मन खंबीर करायचं. त्या दिवशी दोन्ही एकाच जागी भेटले: माझ्या डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत. मला वाटतं, या सगळ्या प्रवासात मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही.

दुसरी गोष्ट लक्षाबद्दल होती. सोळाव्याच्या टीवर मी हात, कोपर, कमर आठवत होते. गाब्रिएले वुल्फ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फ नव्याने शिकणाऱ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक पडले. शरीराच्या एकेका भागावर पहारा ठेवला की आपोआप होणारी हालचाल तुटक होते. म्हणून सरांनी नियम घातला: रेंजवर सरावाच्या पहिल्या अर्ध्या भागात कोपराबिपराचा विचार करायचा, तो तिथेच संपवायचा. कोर्सवर फक्त एकच गोष्ट बघायची, चेंडूपुढे हातभर अंतरावरची खूण. एखादं वाळकं पान, गवताचा वेगळा ठिपका, फटक्याने उखडलेल्या गवताच्या जुन्या खाचेची कड. चेंडू त्या खुणेवरून निघाला पाहिजे, बस्स. पहिल्या दिवशीची काठीच ती, फक्त आता ती मी स्वतः निवडायची.

यातून माझा फटक्याआधीचा क्रम तयार झाला. चेंडूच्या मागे उभं राहून वारा, अंतर, क्लब ठरवायचा. जमेल तेवढं स्पष्ट चित्र बघायचं. जॅक निक्लॉस हा थोर गोल्फपटू सरावातसुद्धा असं चित्र बघितल्याशिवाय फटका मारत नसे. मग एक लांब उच्छ्वास, खांदे खाली. पकड लावायची आणि नंबर विचारायचा. चारपेक्षा जास्त आला तर बोटं उघडून पुन्हा लावायची. मग पुढे यायचं, खूण बघायची, लक्ष्य बघायचं, खूण बघायची, आणि "एक". नामवंत गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टॅमला पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षकांनी शिकवलेली एक पद्धत आहे: चेंडूमागे मनात एक रेघ आखायची, रेघेच्या मागे विचार, रेघ ओलांडली की फक्त खेळ. मला ती रेघ फार उपयोगी पडली. रेघ ओलांडल्यावर शंका आली तर मी मागे येते. सुरुवातीला सोबतच्यांना उशीर होईल म्हणून संकोच वाटायचा. नियमांत एक फटका ४० सेकंदांच्या आत मारण्याची शिफारस आहे. मी घड्याळ लावून बघितलं, माझा क्रम २५ सेकंदांत बसतो.

सरावही बदलला. आधी मी सात नंबरच्या आयर्नने एकामागून एक पन्नास चेंडू मारायचे, आणि शेवटचे वीस फार सुंदर जायचे. पण कोर्सवर एकच फटका दुसऱ्यांदा मारायला मिळत नाही. आता अर्धा वेळ मी रेंजवर मनातल्या मनात अठरा होल खेळते. ड्रायव्हर, मग सहा नंबर, मग वेज, मग पुन्हा ड्रायव्हर. फटके दिसायला वाईट पडतात, पण कोर्सवर तेच टिकतात. हे मी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते: रेंजवर छान वाटणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रीनवरचा माझा राग एका आकड्याने कमी केला. आठ फुटांवरून व्यावसायिक पुरुष खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायचे हलके फटके, भोकात घालतात. भोक १०८ मिलिमीटर रुंद असतं आणि गवत कधी सपाट नसतं. मी आठ फुटांवरचा प्रत्येक पट चुकला की स्वतःला अपराधी मानायचे आणि तो राग घेऊन पुढच्या टीवर जायचे. तिथे पकड पुन्हा सातवर. आता पट चुकला की मी बॅगेपर्यंत चालत जाईपर्यंत वाईट वाटून घेते. क्लब बॅगेत गेला की तो होल संपला. सुरुवातीला हे नुसतं म्हणायला होतं. खरं जमायला चार-पाच महिने लागले, आणि अजून दर वेळी जमत नाही.

फेरी चालू असताना बेरीज करणंही सोडलं आहे. कार्डावर आकडा लिहायचा आणि कार्ड खिशात. त्याऐवजी एका छोट्या वहीत होलमागे तीनच नोंदी करते: चेंडू कुठून निघाला, वळला का, पकड किती होती. कुठे पडला ते लिहायला रकानाच नाही. या वहीमुळे माझ्या खेळाचा नमुना दिसायला लागला. अकराव्या, बाराव्या होलनंतर पकड वाढते, आणि ती दमल्यामुळे वाढते. म्हणून आता दहाव्यानंतर थोडं खाते, पाणी पिते, बाहू सैल सोडून चालते. हँडिकॅप १९ वर आला आहे.

गेल्या महिन्याच्या स्पर्धेत सोळाव्याच्या टीवर आले तेव्हा किती फटके झालेत ते मला खरंच माहीत नव्हतं. तळं होतंच. वारा डावीकडून होता, म्हणजे चेंडू पाण्याकडेच ढकलणारा. रेघेमागे उभी राहिले, फेअरवेच्या डाव्या अर्ध्यावर लक्ष्य धरलं, चेंडूपुढे तपकिरी गवताचा एक झुबका निवडला. पकड लावली. सहा. बोटं उघडली, श्वास सोडला, पुन्हा लावली. पाच. पुन्हा उघडली. चार. पुढे आले. खूण, लक्ष्य, खूण. एक, दोन, तीन.

वहीत त्या होलची नोंद अशी आहे: झुबक्यावरून निघाला. वाऱ्याने थोडा उजवीकडे, फेअरवेत. पकड ४. त्याखाली मी एक ओळ जास्तीची लिहिली आहे, की दुसऱ्या फटक्यात चेंडू ग्रीनवर आला, पण चाळीस फुटांवरून तीन पट लागले. पुढच्या मंगळवारी सरांकडे लांबच्या पटचं काम सुरू करायचं आहे.